पाणी पुरे झालं हे मशीनला कसं कळतं

आईचे शेवटचे शब्द होते, “कळलं बरं का!” आणि बाबांनी “काय कळलं?” असं विचारलं नाही.

विचारायची त्यांना सवयच नव्हती. आईला दिवसाकाठी इतक्या गोष्टी कळत की प्रत्येक वेळी “काय?” म्हणत बसले असते तर बाबांची नोकरी गेली असती. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, तिला ‘चौकशीची खिडकी’ म्हणायची. साखरेच्या पुडीचा कागद दोन्ही बाजूंनी वाचून झाल्याशिवाय आई साखर डब्यात ओतत नसे. पेपर ती हवामानापासून निविदांपर्यंत वाचायची, आणि कुठे ज्वालामुखी फुटला की तो थंड होईपर्यंत आम्हाला त्याची खबरबात मिळत राहायची. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात कापूस कोंबला तरी ती भुवयांनी प्रश्न विचारायची. डॉक्टर बिचारे उत्तरंही द्यायचे.

शेवटचे काही महिने ती वॉशिंग मशीनच्या मागे हात धुऊन लागली होती. “पाणी भरतं आणि बरोबर जागेवर थांबतं. ना डोळे, ना हात. मग पुरे झालं हे त्याला कळतं कसं?” तिने बँकेतल्या कॅशियरला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही विचारलं. मी म्हटलं, “वाचून सांगते.”

“वाचायला मलाही येतं,” ती म्हणाली. “मला बघायचंय.”

म्हणून तिने चांगलं चालू मशीन उघडलं. मागच्या खोलीत जुनी चादर अंथरली, आणि जे जसं निघालं ते तसं, त्याच क्रमाने मांडलं. स्क्रू वाट्यांमध्ये, झाकण भिंतीला टेकून. दुपारी थोडी पडायला जाताना बाबांना म्हणाली, कळलं बरं का! ती पुन्हा उठली नाही.

त्यानंतर बाबा त्या खोलीत पाऊल टाकेनात. त्यांनी नवीन मशीन मागवलं. दुकानाची माणसं दुपारी ते आणून देणार आणि जुनं, सुट्या भागांसकट, घेऊन जाणार. ते सगळं त्यांनी सकाळी चहा पिताना आम्हाला सांगितलं, आणि मग कपाकडे बघत ती ‘कळलं’ची गोष्टही सांगितली.

“रोजच म्हणायची. मी नुसतं ‘हं’ केलं,” ते म्हणाले. “आता आयुष्यभर डोक्यात तेच. काय कळलं होतं तिला?”

मी कप तसाच ठेवला आणि मागच्या खोलीत गेले. मशीन जाईपर्यंत जेवढा वेळ होता तेवढाच.

मावशी कंबरेवर हात ठेवून मागोमाग आली. “तू काय करणार? तुला साधा बल्ब बदलता येत नाही. पुस्तकात बल्ब असतो तेवढाच तुला माहीत.”

“तू धर ना ती बॅटरी.”

“धरते. शॉक लागला तर मला हात लावू नकोस.”

चादरीच्या अगदी टोकाला, सगळ्यात शेवटी काढलेली वस्तू होती: बरणीच्या झाकणाएवढी चपटी, गोल डबी, आणि तिला जोडलेली बारीक रबरी नळी. नळीचं दुसरं टोक मोकळं. शेजारी आईचा चष्मा. मी डबी हलवून पाहिली. मावशीने वास घेऊन पाहिला. काही बोध झाला नाही.

“इथे ओलं का होतं गं?” मावशीने चादरीवरच्या वाळलेल्या गोल डागाकडे बोट दाखवलं.

“बादली होती,” दारातून बाबांचा आवाज आला. ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. “पाण्याने भरलेली. फरशी पुसायला घेतली असेल म्हणून मी ओतून टाकली.”

मावशीने कपाळाला हात लावला. “भाऊजी! ताई आणि फरशी? पुसायचं फडकं कुठे असतं हे तरी तिला माहीत होतं का?”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मावशी एवढ्या जोरात न्हाणीघराकडे धावली की वाटेत एक वाटी उडाली आणि स्क्रू पलंगाखाली घरंगळले. बादली भरून आली, निम्मी तिच्या साडीवर. मी नळीचं मोकळं टोक पाण्यात बुडवलं. काही नाही. आणखी खाली नेलं. काही नाही. पार तळाशी नेलं.

टक्.

“काय मोडलंस?” मावशी ओरडली.

मी नळी वर काढली. टक्. खाली. टक्. पाणी नळीत घुसू बघत होतं, आतली हवा कोंडून डबीवर दाबत होती, आणि डबी बटण बंद करत होती. मशीनला पाणी दिसत नव्हतं. दबलेली हवा सांगत होती, बास.

बाबा उंबरा ओलांडून आत आले. गुडघ्यांची कुरकुर सोसत चादरीशेजारी बसले, माझ्या हातून नळी घेतली आणि अगदी सावकाश पाण्यात सोडली.

टक्.

“हे होय,” ते म्हणाले. आमच्याशी नव्हे.

मग त्यांनी नळीचं टोक पुसलं आणि हळूच फुंकर मारली. टक्! मावशी म्हणाली, “मला, मला.” तिने गाल फुगवून असं फुंकलं की मी ओरडले, “फाटेल ती!” “माझ्या बहिणीची आहे,” मावशी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मग मला. मग बाबांना; त्यांचं हसू आधी बिनआवाजाचं हलत होतं आणि मग खोकल्यासारखं बाहेर पडलं. टक्, टक्, टक्. आम्ही नळीसाठी भांडत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कशाचं हे कुणी कुणाला विचारलं नाही.

बेल वाजली तेव्हा बाबाच दार उघडायला गेले, गळ्यात नळी, हातात डबी. दुकानाची दोन माणसं खोकं धरून उभी होती. घरात दुःख आहे हे त्यांना सांगितलेलं असावं, कारण त्यांनी चेहरे गंभीर करून आणले होते. आतून मावशीचं खिदळणं ऐकून ते चेहरे कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

“एक सांगा,” बाबा म्हणाले. “तुमच्या या मशीनला पाणी पुरे झालं हे कसं कळतं?”

“कळतं ना काका. कंपनीचं आहे.”

“पण कसं?”

उभ्या जन्मात बाबांना मी “पण कसं?” म्हणताना ऐकलं नव्हतं. माणसाने जोडीदाराकडे पाहिलं. जोडीदाराने खोक्याकडे.

“फुंका,” बाबांनी नळी पुढे केली.

दोघांनीही फुंकून पाहिलं. दुसरा तर दोनदा. मग बाबांनी त्यांना चहा पाजला आणि खोकं परत न्यायला सांगितलं. बिघडलेलं काही नव्हतंच.

आम्ही चादरीवरून उलट्या क्रमाने मशीन जोडत गेलो. टोकाच्या डबीपासून सुरुवात, झाकण शेवटी. मावशी प्रत्येक स्क्रूगणिक मला शिव्या देत होती. मशीन सुरू केलं. पाणी चढत गेलं. बाबा पत्र्याला कान लावून बसले, एक बोट वर करून, आणि बोट खाली आलं त्याच क्षणी पाणी थांबलं.

“ऐकलंत?” ते म्हणाले.

मावशी पलंगाखालून बाहेर आली. तिच्या तळहातावर एक स्क्रू होता. “हा उरला. टाकून देऊ, चालतंय ना मशीन.”

“थांब, थांब.” बाबांनी तो घेतला आणि आईचा चष्मा डोळ्यांना लावून उजेडात धरला. “हा कुठला असेल?”

आणि त्यांनी मशीनचं मागचं झाकण पुन्हा उघडायला घेतलं.