या वर्षीची आठवण

"झोपेची सांगायची. लिफ्टमधल्या झोपेची," बटाटा सोलता सोलता धाकटी म्हणाली. "कुठली सांगायची?"

"झोपेची," आई म्हणाली.

"आणि तिचा शेवट काय?"

आईने तिच्या हातातली सुरी काढून घेतली. "माझं पाठांतर घेतेस? तुला पाढे कुणी शिकवले? आणि साल बघ केवढं जाड काढतेयस. अर्धा बटाटा कचऱ्यात."

धाकटी हसली. आई भराभर बटाटे सोलत होती, हात अगदी पहिल्यासारखे चालत होते. हातांना सगळं आठवत होतं. प्रश्न हातांचा नव्हताच.

आज बाबांचा दिवस. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि या घरात हा दिवस एकाच रीतीने पाळला जायचा. संध्याकाळी सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने बाबांची एक आठवण सांगायची. अट एवढीच, की ती आधी कधी सांगितलेली नसावी.

अट आईची होती. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. जन्मभर लाल पेन्सिल घेऊन लोकांच्या चुका धरल्यावर माणूस घरी येऊन गप्प बसेल ही अपेक्षाच चुकीची. बाबा गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच दोन गोष्टी सांगत होता, एक त्यांच्या विसरलेल्या छत्रीची आणि एक साहेबाला लिफ्टमध्ये अडकवल्याची. शेवटी एका पाहुण्याला आईने अर्ध्यावर थांबवलं. "हे झालंय. पुढचं सांगा," ती म्हणाली. पाहुण्याला पुढचं येत नव्हतं, तो चहा घेऊन निघून गेला. त्याच्या पाठीमागे दार लावताना आई रडली होती. इतकी वर्षं जगलेला माणूस दोन गोष्टींत कसा संपतो, असं म्हणत होती.

तेव्हापासून हा नियम. आणि नियम पाळला जातोय ना, हे बघायचं काम थोरल्याचं. तो दुसऱ्या गावी शाळेत खेळ शिकवायचा. त्या दिवशी येताना शाळेतली शिट्टी घेऊन यायचा, आणि जुनी आठवण निघाली की जोरात फुंकायचा. नात्यागोत्याची पर्वा नाही. एका वर्षी चुलतकाकांवर वाजवली, तर काका पुढचं वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत.

या शिट्टीची धाकटीला आज भीती वाटत होती.

उन्हाळ्यात एका सकाळी, ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात फोन आला. बेकरीतल्या मुलीचा होता. पूर्वी जिथे आईचा छापखाना होता तिथे आता बेकरी झालेली. "तुमच्या आई इथे आल्यात," मुलगी म्हणाली, "आणि त्यांची खुर्ची कुठे हलवली म्हणून विचारतायत." धाकटी होती तशी धावत सुटली. आई पावांच्या कपाटासमोर पर्स पोटाशी धरून उभी होती. "बरं झालं आलीस. हे लोक कुणाचं ऐकूनच घेत नाहीत," ती म्हणाली. घरी पोचल्यावर आईने सांगितलं, पाव आणायला गेले होते. पाव आणलेला नव्हता.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. तोच प्रश्न पुन्हा. तेच वर्तमानपत्र पुन्हा, पहिल्याइतक्याच उत्सुकतेने. एका दुपारी तर "हे अजून कसे आले नाहीत?" म्हणून ती खिडकीशी गेली आणि तिथेच चपापून उभी राहिली. धाकटी दारात होती. आपण ऐकलंच नाही असं दाखवून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बसली.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. थोरल्याला तर नाहीच. तो मागे एकदा म्हणाला होता, "आई एकटी राहते ते ठीक चाललंय तोवर ठीक. काही वेडंवाकडं झालं तर मी सरळ तिला घेऊन जाणार." नेईलही. बोलल्यासारखं करणारा माणूस. आणि परक्या गावात, परक्या खोलीत आईचं काय होईल? इथे निदान दारं-खिडक्या तरी तिच्या ओळखीच्या होत्या. पण खरं सांगायचं तर धाकटीची भीती याहूनही साधी होती. दादाला सांगितलं की ते खरं होणार होतं.

म्हणून ही शिकवणी. लिफ्टमधल्या झोपेची गोष्ट आईने मागच्या महिन्यात सहज बोलताना सांगितली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा काम संपवून लिफ्टमध्येच टेकून बसले आणि झोपले. लोक दुपारभर त्यांना ओलांडून वरखाली करत राहिले, एका बाईंनी तर त्यांच्या डोक्याखाली पिशवी ठेवली. ही या टेबलावर कधीच आली नव्हती. धाकटीने पक्की खात्री करून घेतली होती.

संध्याकाळी थोरला आणि वहिनी आले. जेवणं झाली. थोरल्याने शिट्टी काढून ताटाशेजारी ठेवली, नेहमीसारखी.

"पंच हजर आहेत," तो म्हणाला. "वशिला चालणार नाही."

वहिनीने सुरुवात केली. ती लग्न होऊन आली तेव्हा नव्या सुनेशी काय बोलावं ते बाबांना कळेना. म्हणून ते तिला गच्चीवरचं लिफ्टचं मशीन दाखवायला घेऊन गेले. प्रत्येक चाकाची ओळख करून दिली. नव्या कपड्यांना ग्रीस लागलं ते लागलंच. "ते कपडे मी अजून टाकले नाहीत," वहिनी म्हणाली.

थोरल्याची त्यानंतर. तो शाळेच्या संघातून खेळायचा तेव्हा बाबा एकदाच सामना बघायला आले, आणि अख्खा वेळ दुसऱ्या संघासाठी ओरडत राहिले. कारण काय, तर त्यांचा गोलकीपर रडत होता. "मी घरी येईपर्यंत बोललो नाही त्यांच्याशी," थोरला म्हणाला. "तर म्हणाले, तुझ्याकडे ओरडायला अकरा जण होते की."

आई खूप हसली. धाकटीने आपली आठवण कशीबशी उरकली. बाबा लिफ्टच्या दाराला कान लावून 'हिला सर्दी झालीय' म्हणायचे, एवढीच. कुणी काही विचारलं तर बरं, म्हणजे आईची पाळी लांबेल, असं तिला वाटत होतं. कुणी विचारलं नाही.

"चल आई," थोरला म्हणाला.

आई पाणी प्यायली. पेला खाली ठेवला. शिट्टीकडे बघितलं.

"माझी आई गेली तेव्हाची गोष्ट," ती म्हणाली.

धाकटीने टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. झोपेची, आई, झोपेची. पण आई तिच्याकडे बघतच नव्हती.

"मी कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन पडले. जेवायचं नाही, बोलायचं नाही. हे दाराशी यायचे, उभे राहायचे, जायचे. यांना बोलता थोडंच यायचं. तर एका सकाळी उठले आणि बघते, घराला एकही दार नाही. सगळी दारं काढून भिंतीला उभी केलेली. आणि हे खाली बसून एकेक बिजागरी पुसून तिला तेल घालतायत."

हीच. मागच्या वर्षी हीच. ह्याच खुर्चीत बसून, ह्याच शब्दांत. तेव्हा वहिनीला रडू आवरेना आणि थोरला उठून गच्चीत जाऊन उभा राहिला होता. तो विसरणं शक्यच नव्हतं.

वहिनीने पहिल्याच वाक्याला रुमाल काढला होता, आता तो डोळ्याला लावून मान खाली घातली होती. थोरल्याने शिट्टी उचलली. ती ओठांपर्यंत नेली. त्याची छाती फुगली, श्वास आत घेतलेला दिसला. धाकटीला वाटलं, आता वाजणार, आणि आई गोंधळून सगळ्यांची तोंडं बघत राहणार. त्या एका क्षणात तिला इतकी भीती वाटली, की आपण उठून ती शिट्टी हिसकावून घ्यावी असं मनात आलं.

आई सांगत राहिली. "दुपारी दारं परत बसली. मग कुठलंच दार वाजेना. हे आत आले ते मला कळलंच नाही, एकदम शेजारीच. मी दचकले आणि तिथून जी रडायला लागले... तोवर रडलेच नव्हते मी."

आई थोरल्याकडे बघत होती, थांबल्यासारखी.

थोरल्याने शिट्टी खिशात टाकली. "ही नवीन आहे," तो म्हणाला. "छान आहे."

"नवीन?" आई म्हणाली.

"हो तर. पहिल्यांदाच ऐकतोय."

ताटं उचलताना दोघं बहीणभाऊ अरुंद बोळात समोरासमोर आले. थोरल्याने आवाज खाली आणला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"चिमे."

लहानपणीचं नाव ऐकलं आणि तिचा धीर सुटला. "उन्हाळ्यापासून," ती म्हणाली. "दादा, तिला नेऊ नकोस."

"नेतोय कशाला. मला फोनवर कळत होतं. तेच तेच विचारायची." तो हातातल्या ताटाकडे बघत होता. "मी म्हटलं, लाइन खराब असेल. स्वतःलाच सांगत होतो तसं. तुला विचारायचं धाडस झालं नाही."

शिट्टीवाला, पंच, कुणाला न सोडणारा. तोही महिनोन्महिने तेच करत होता तर. धाकटीला हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी थोडं हलकंही वाटलं. निभावलं. आईला काही कळलं नाही. दोघं मिळून असंच निभावत नेऊ.

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा आई ओट्याशी टेकून उभी होती. नळ बंद, भांडी तशीच.

"दार लोट," आई म्हणाली.

धाकटीने लोटलं.

"त्याने शिट्टी का वाजवली नाही?"

"नवीन होती म्हणून."

"तुझी वहिनी रडली."

"रडण्यासारखीच होती की गोष्ट."

"रडण्यासारखं शेवटी येतं. तिने रुमाल काढला तेव्हा मी नुसतं 'माझी आई गेली' एवढंच म्हटलं होतं. पुढचं काय येणार हे तिला माहीत होतं." आईचा आवाज शांत होता. छापखान्यात ती असंच बोलत असणार, ओळीवर बोट ठेवून. "आणि तुझे हात टेबलाखाली होते."

धाकटीने नकळत हात पाठीमागे घेतले.

"तुझी ती झोपेची मी विसरले नव्हते. मुद्दाम नाही सांगितली. ही दारांची आधी सांगितलीय की नाही, ते मला आठवेना. आठवडाभर डोकं फोडतेय. तुला विचारून काय उपयोग? तू तर मला पढवत बसलेलीस. म्हटलं, तो सांगेल. तो कुणाला सोडत नाही."

पलीकडच्या खोलीत थोरला कसल्याशा गोष्टीवर गरजेपेक्षा मोठ्याने हसला.

"स्वतः लिहिलेल्यातली चूक स्वतःला दिसत नाही गं," आई म्हणाली. "कितीही हुशार असो. म्हणून तर आम्हाला कामावर ठेवायचे. दुसऱ्याने बघावं लागतं, आणि बघून सांगावं लागतं. तुम्ही दोघंही जर असं करायला लागलात, तर मला कळणार कसं?"

एवढे महिने धाकटीने फक्त आपल्या भीतीचा विचार केला होता. आई या घरात एकटी बसून, कुणालाही विचारता न येता, किती घाबरली असेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ते आता आलं.

"मागच्या वर्षी सांगितली होतीस," ती म्हणाली. "हीच."

आईने डोळे मिटले. ओट्याची कड धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. मग तिने मान हलवली, मनाशी काही नोंदवून घेतल्यासारखी.

"अशीच्या अशी?"

"अशीच्या अशी."

"बरं." ती स्टुलावर बसली. "आणि बेकरीत मी काय म्हणाले होते?"

धाकटीने लोटलेल्या दाराकडे बघितलं. आता सांगायला लागलं की सगळंच सांगावं लागणार होतं, खिडकीचंही. लहान मुलीसारखी ती तिथेच उभी राहून रडायला लागली.

आईने हात पुढे करून तिचं मनगट धरलं आणि तिला जवळ ओढलं.

"अगं, एवढं घाबरायला काय झालं," ती म्हणाली. "सांग. मी आहे ना."