चार चौकोन आणि एक वाफा

स्नेहलनं वाफ्याच्या कडेला काडीनं चार चौकोन आखले आणि आईला हाताला धरून खाली बसवलं. लंकाबाईंच्या मुठीत कांद्याच्या रोपाची जुडी तशीच होती, डोळे मात्र बांधावरच्या वाटेकडे. लावणीला यायच्या भागीबाई अजून आल्या नव्हत्या.

दुपारी उपसरपंचाची निवड होती. सात सदस्यांपैकी चार बायका, त्यात लंकाबाई आणि भागीबाईही, आणि चौघींनी बायडाबाईंचं नाव ठरवलेलं, कारण खालच्या वस्तीला नळ आणायचा शब्द त्यांनीच दिला होता. लंकाबाईंचं निम्मं आयुष्य विहिरीवरून पाणी वाहण्यात गेलं होतं. पण काल समोरच्या गटाचा शेखर ओट्यावर बसून गोडगोड बोलून गेला. भागीबाई आमच्याकडं आल्यात म्हणाला, तुम्हीही या, नळ तुमच्याच दारात. मागं राहिलात तर पाच वर्षं कुणी विचारायचं नाही.

स्नेहल नाशिकला एम. ए. करत होती आणि सध्या तिच्या डोक्यात गेम थिअरी, म्हणजे डावपेचांचं गणित, शिरली होती. नवं काही शिकली की ते साऱ्या गावाला लावून बघायची तिला भारी हौस. भागीमावशी फुटली आणि तू टिकलीस, तर तू बुडालीस, एकेका चौकोनावर काडी ठेवत तिनं समजावलं. दोघी टिकलात, तर नळ साऱ्या वस्तीला; पण ती टिकली आणि तू फुटलीस, तर नळ एकट्या तुझ्या दारात. म्हणजे ती काहीही करो, तू फुटलेलंच बरं.

"आन् ती बी घरी बसून हेच म्हनत आसंल?"

"हो ना. मग दोघी फुटतात, शेखरला एकच मत हवं असताना दोन मिळतात, कुणाचीच गरज उरत नाही आणि नळ कुणालाच मिळत नाही."

लंकाबाईंनी जुडीनंच त्या चौकोनांकडे खूण केली.

"ह्यात उद्याचा दिस कुठं हाय? आज ती माझ्या वाफ्यात, उद्या मी तिच्या. सतरा वरसं सावड हाय आमची."

स्नेहलला सरांनी एकदाच खेळायचा डाव शिकवला होता. पुन्हा पुन्हा खेळायच्या डावाचा धडा सुट्टीनंतर होता.

तेवढ्यात बांधावरून भागीबाई आल्या. भाकरीचं फडकं झाडाखाली ठेवलं, पदर खोचला, आणि नेमक्या त्या चौकोनांवरच पाय देऊन उभ्या राहिल्या.

"शेखर आलता," त्या म्हणाल्या. "म्हनला, लंकाबाई फुटली."

"मंग आलीस कशाला?"

"तुझी लावन ऱ्हायली आसती ना."

लंकाबाईंना एकदम भरून आलं. जुडीतलं अर्धं रोप त्यांनी भागीबाईंच्या हातात दिलं. स्नेहलनं काडी टाकली आणि तीही वाफ्यात उतरली.

दुपारी पंचायतीत बायडाबाईंच्या नावाला चार हात वर झाले. लावणीचे दिवस, चारही हातांच्या नखांत माती होती. शेखरनं ते दोनदा मोजले.