टिप नको

अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये थडग्यांचे दगड घडवण्यात माझा जन्म गेला. हल्ली चेकबुक कोणी बाळगत नाही, गिऱ्हाइकं परत जायला लागली आणि दुकानाला टाळं लागायची वेळ आली. म्हणून माझ्या बायकोने, ओडेटने, ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपन्यांमधली सगळ्यात कमी कमिशनवाली निवडली. त्या कंपनीची सोय मुळात कॉफीच्या दुकानांसाठी आहे, हे आज सकाळी आम्ही ती सुरू केली तेव्हा कळलं. पैसे भरायच्या आधी गिऱ्हाइकाच्या फोनवर येतं, "सेवा आवडली? टिप द्या!" शेजारी हसरा चेहरा. त्या तोंडावर छिन्नी घालावीशी वाटली.

"काढून टाक ते!" मी ओरडलो.

"निघत नाही रे!" ओडेट रडकुंडीला आली. "कधीची कंपनीला फोन करतेय. नुसती गाणी ऐकवतात मेले."

तेवढ्यात टिबोडो नावाचे आमचे एक गिऱ्हाईक आले. त्यांची सहा वर्षांची मुलगी गेली होती. दगड ठरला होता, फक्त पैसे भरायचे होते. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी काउंटरवरचा कोड स्कॅन केला.

मी धावलो. "अहो, थांबा! ते उगाच येतंय. खाली 'टिप नको' आहे, तेवढं दाबा."

ते फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी टिपचा सगळ्यात मोठा आकडा दाबला.

"अहो, कशाला? मी परत करतो."

"राहू द्या," ते म्हणाले. "तिच्यासाठी आता पुन्हा कधी काही विकत घ्यायचं नाहीये. आज 'नको' कसं दाबू?"