इथ्रानची उजवी वहाण

बाळांनो, समजा, तुम्ही आठ वर्षांचे आहात. वडील जाऊन सातच दिवस झालेत, आणि गावाच्या वेशीत दगडी बाकांवर बसलेले दहा म्हातारे पंच तुमच्याकडे बघताहेत. इथ्रान तसाच उभा होता.

थोरला भाऊ शोबाल वडिलांच्या पहिल्या बायकोचा. रीतीप्रमाणे त्याला दोन वाटे. इथ्रान दुसरीचा, त्याला एक. त्या एका वाट्यात जैतुनाची अकरा झाडं, पाण्याचं टाकं आणि एक खोपट. त्यावरच त्याची आई जगणार होती. आणि शोबालला ते टाकं हवं होतं.

"इथ्रान, इकडे ये रे," शोबाल लाडानं म्हणाला. "वहाणेची वादी तुटलीय बघ तुझी. फरफटत चालतोस, लोक म्हणतील थोरल्याचं लक्ष नाही. काढ, बांधून देतो."

"आई देईल बांधून, दादा."

"तिला काय कामं थोडी आहेत? आण."

इथ्राननं उजवी वहाण काढून भावाच्या हातात दिली.

त्या मुलखात जमिनीवरचा हक्क सोडणारा माणूस वेशीत, पंचांसमोर, आपली वहाण काढून घेणाऱ्याला देतो. वहाण दिली की संपलं. इथ्रानला हे ठाऊक होतं. पण ती मोठ्या माणसांची गोष्ट, असं त्याला वाटे.

शोबालनं वहाण उंच धरली. "टाकं, झाडं, खोपट! पाहिलंत ना सगळ्यांनी?"

म्हातारा यामीन खाकरला. "पोर आहे रे ते."

"वहाणेला वय असतं होय, यामीनकाका? उन्हाळ्यात तुमच्या मेंढ्या कुठल्या टाक्यावर येणार, तेवढं बघा."

यामीननं मान खाली घातली. "आम्ही साक्षी," एकेक जण म्हणत गेला. यामीन सगळ्यांत शेवटी म्हणाला.

"दादा, माझी वहाण?"

"ती आता माझी. आईला सांग, संध्याकाळच्या आत भांडीकुंडी उचल म्हणावं. जा, लंगडी घालत जा! खेळायचंच वय आहे तुझं."

दोघंतिघं हसले.

इथ्रान रडला नाही. तापलेल्या खड्यांवरून लंगडत तो घराच्या वळणापर्यंत आला. आई दारात जव दळत होती; तिनं अजून मान वर केली नव्हती. त्यानं डावी वहाणही काढली, काटेरी झुडपात दूर भिरकावली, दोन्ही पाय सारखे दिसतात ना ते पाहिलं, आणि आईकडे चालत गेला.