साक्ष न देताच

सुनेच्या घटस्फोटात साक्ष द्यायची, आणि तीही पोटच्या मुलाविरुद्ध, या विचाराने मावशींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांच्या लॉन्ड्रीत येणारी सगळी गिऱ्हाइकं त्यांना मावशीच म्हणायची. त्या आठवड्यात एकाचा शर्ट दुसऱ्याला गेला, कुणाची कॉलर करपली. पण मावशींचा चेहरा बघून कुणी ब्र काढला नाही.

मुलाचं लग्न सीमेपलीकडे, त्यांच्या जुन्या देशात लागलेलं. मावशींच्या तरुणपणी तिकडे घटस्फोट नावाची गोष्टच नव्हती. थोरल्या बहिणीचा नवरा दुसरं घर थाटून बसला, तरी कायद्याने ती शेवटपर्यंत त्याचीच बायको राहिली. पुढे कायदा आला, पण एकाचा दोष सिद्ध झाला तरच सुटका. आता मुलानेही तसंच दुसरं घर थाटलं होतं. त्या दुसऱ्या घराच्या दारात मावशींनी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आई, जमणार नसेल तर राहू दे," कोर्टाच्या पायऱ्या चढताना सून म्हणाली.

"गप्प बस. माझ्या बहिणीसाठी कुणी तोंड उघडलं नाही. मी उघडीन."

पण आत मुलगा समोर मान खाली घालून बसलेला दिसला आणि त्या जागीच थबकल्या.

न्यायाधीशबाईंनी कागद चाळले. "लग्न तिकडचं, पण संसार इथलाच ना? मग तिकडचा कायदा कशाला? पूर्वी लग्न जिथलं, तिथलाच कायदा लावायचो. आता राहता तिथला लागतो. वकीलसाहेब, दुरुस्ती वाचली नाहीत वाटतं?"

वकिलाने जीभ चावली.

"इथे कुणाची चूक ते विचारत नाहीत," बाई म्हणाल्या. "दोघांनाही वेगळं व्हायचंय का, एवढंच सांगा."

"हो," सून म्हणाली. मुलगाही हळूच "हो" म्हणाला.

"मग साक्षीदाराची गरज नाही. मावशी, बसा तुम्ही."

मावशी उभ्याच. सुनेने हाताला धरून बसवलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. इतकं हलकं वाटलं, की भर कोर्टात त्यांना हसू फुटलं. शिपायाने डोळे वटारले, तरी आवरेना.

बाहेर मुलगा घुटमळत जवळ आला. "आई, काय सांगणार होतीस?"

"जे पाहिलं ते."

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "बरं झालं, वेळ आली नाही."

"माझंही बरंच झालं की रे. जा आता. फोन करत जा."

तो गेल्यावर मावशींनी डोळे पुसले आणि सुनेकडे वळल्या. "कायद्याने आता मी तुझी कोण गं?"

"परत आत जाऊन विचारू का?"

"नको बाई! पुन्हा उभं करतील."

दोघी हसत सुटल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. समोरच्या हॉटेलात त्या शिरल्या आणि भरपेट जेवल्या.