दुसरं कडवं

"आता सातवा दे," भाऊजी म्हणाले.

मी सातवा चमचा दिला. त्यांनी तो ॲम्प्लिफायरच्या मागून आत सरकवला, गिटारची सगळ्यात जाड तार छेडली आणि डोळे मिटून ऐकलं. स्वच्छ, गोल, निरोगी आवाज आला. भाऊजींचा चेहरा पडला.

"आठवा."

घरात चमचे बारा, दिसायला सगळे सख्खे भाऊ. त्यांतला नेमका कुठला हवा होता, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण ताईने तो घासूनपुसून बाकीच्यांत ठेवून दिला होता. तिची चूक नव्हती. चूक माझी होती. मी ॲम्प्लिफायर दुरुस्त केला होता.

भाऊजी दिवसा नळजोडणीच्या अर्जांवर शिक्के मारत आणि संध्याकाळी आपल्या छोट्या बँडबरोबर रॉक गात. सामान म्हणाल तर एक लाल गिटार, जिची मान दोनदा मोडून दोनदा चिकटवलेली. साबणाच्या डबीत बसवलेलं एक पेडल, त्यावर पाय दिला की खोलीत अजून साबणाचा वास यायचा. आणि लहान फ्रिजएवढा तो ॲम्प्लिफायर. जाड तार छेडली की तो घर्र करायचा. माझं मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचं दुकान आहे. भिंतीवरचा वाकडा फोटो बघून काही लोकांचे हात शिवशिवतात, तसं माझं त्या घर्रने अकरा वर्षं होत होतं.

कागद-पेन घेऊन गाणं लिहिताना मी भाऊजींना कधी पाहिलं नाही. ते स्टुलावर बसत, तार छेडत आणि त्या घर्रवर तोंडाला येईल ते बरळत. हाला मूरे, गाबू ताला. आठ-पंधरा दिवस हेच. मग एके दिवशी त्या बरळण्याला लहान मुलासारखे दात फुटत आणि त्याचे शब्द होत.

"मी कुठे लिहितो?" ॲम्प्लिफायरवर हात ठेवून ते म्हणत. "हा सांगतो, मी उतरवून घेतो. इथेही कारकूनच रे मी."

अशी एकेचाळीस गाणी झाली होती. बंद लिफ्टवर, न्हाव्यावर, शेजारच्यांच्या कुत्र्यावर. ताईवर एकही नाही.

"कुत्र्याचा नंबर लागला," ताई म्हणायची, "माझा अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय?"

"येईल गं. मुद्दाम नाही आणता येत."

आणि त्या वर्षी ते आलं. पहिलं कडवं झालं. 'खिडकीशी उभी राहून तू केस पुसतेस, आणि चुकते ती माझी बस.' ताईने ते ऐकलं आणि दोन दिवस कुणाशी भांडली नाही. दुसरं कडवं अजून बरळण्यात होतं. शनिवारी स्टुडिओत रेकॉर्डिंग ठरलं होतं.

त्याच आठवड्यात भाऊजी दोन दिवस ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेले. ताईने मला बोलावून घेतलं.

"जगाचे मिक्सर नीट करतोस, बहिणीच्या घरातली घरघर तुला ऐकू येत नाही होय रे? माझं गाणं तरी चांगल्या आवाजात होऊ दे."

मी ॲम्प्लिफायर उघडला. स्पीकरच्या कागदाला टेकून एक चमचा अडकला होता. चार स्क्रू सैल. धूळ. एक मेलेलं झुरळ, तेही बहुधा बँडमध्येच असावं. मी चमचा ताईला दिला, स्क्रू आवळले, कागद चिकटवला, सगळं पुसून काढलं. इतकं चोख काम मी आयुष्यात केलेलं नाही.

भाऊजी आले. तार छेडली. पुन्हा छेडली.

"काय केलंस रे याला?"

"दुरुस्त केला, भाऊजी."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं," दारातून ताई म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. "छान झालाय," ते म्हणाले.

ताई बाजारात गेल्याबरोबर आम्ही चमच्यांना लागलो. बाराही झाले. ड्रमरने आईचे चार आणले. बेसवाल्याने विश्वासाने काटा आणला. शेवटी मी स्क्रू सैल करायला घेतले, पण ते मुळात किती सैल होते हे मी कुठे मोजलं होतं?

"आणि ते झुरळ?" भाऊजींनी विचारलं.

"केरात टाकलं."



शनिवारी ते गाणं एका कडव्याचंच रेकॉर्ड झालं. एक मिनिट दहा सेकंद. "बाकीचं?" स्टुडिओवाल्याने विचारलं. "एवढंच आहे," भाऊजी म्हणाले. ताईला कुणी काही सांगितलं नाही. ती ते गाणं लावते, आणि संपल्यावरही थोडा वेळ हातातलं काम थांबवून उभी असते.

याला दोन वर्षं झाली. बेचाळिसावर आकडा थांबला. भाऊजी आता ऑफिस सुटल्यावर माझ्या दुकानात येऊन बसतात, म्हणे इथे करमतं. गिऱ्हाइकाचा मिक्सर खडखडला की कान देतात. दुरुस्त झाला की चहा मागवतात.

परवा ते घरचाच टेबलफॅन घेऊन आले. "फार कुरकुरतो रे. तुझ्या ताईला झोप लागत नाही."

बिघाड ऐकायला मी फॅन लावला. कर्र, टक. कर्र, टक. मान वळवताना मध्येच एक लांब कण्हणं. मी वर पाहिलं तर भाऊजींचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. आधी नुसतंच बरळणं. मग मला स्पष्ट ऐकू आलं, "खिडकीशी..."

मी तेलाची बाटली खाली ठेवली. "भाऊजी, राहू दे दोन दिवस इथेच. तुम्ही रोज येऊन बसा. ताईला सांगतो, पार्ट मिळत नाही म्हणून."

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ फॅनकडे बघत राहिले.

"तिला झोप लागत नाही रे," ते म्हणाले. "टाक तेल."

मी दोन थेंब टाकले. कुरकुर बारीक होत गेली. ते वाकून, अगदी शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी वायर नीट गुंडाळली, फॅन काखेत मारला आणि घरी गेले.