डोकं कापू की पाय?

मित्रांनो, माझा काचेचा चेहरा आणि पोटावरची सहा बटणं बघून तुम्ही मला खेळाचं यंत्र समजाल. खुशाल समजा. पण मी मूळचं एक जुनं कपाट आहे. कपड्यांचं, अस्सल सागवानी. एके काळी साडेसहा फूट उंच होतो, आता पाच फूट आहे. मधला दीड फूट कुठे गेला, त्याचीच ही गोष्ट. कपाटं खोटं बोलत नाहीत. ओल लागली की लाकूड फुगतं, तशी एखादी गोष्ट जराशी फुगते, एवढंच.

मला घडवणारा सुतार फार काटेकोर होता. दारांना कुठे फट राहिली का, ते बघायला तो स्वतः माझ्या आत शिरला आणि दार ओढून घेतलं. दार असं चपखल बसलं की दुसऱ्या दिवशी त्याची बायको शोधत आली, तेव्हाच तो बाहेर पडला. बाहेर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "माप बरोबर आहे."

नंतर मी या घरात आलो. इथल्या लेकीला सगळे ताई म्हणतात; तिची आई माझी मालकीण. तिच्या हाताखाली माझ्यातली एक घडी कधी विस्कटली नाही. येणारा-जाणारा मला टिचकी मारून म्हणायचा, "काय लाकूड आहे हो!" मग आई गेली. तिचे कपडे ताईने वाटून टाकले आणि मी मागच्या खोलीत धूळ खात उभा राहिलो.

ताईचे बाबा खेळांच्या दुकानात यंत्रं दुरुस्त करायचे. पोरं नाणं टाकून रांगेने खेळतात, तसली यंत्रं. सगळा बाजार त्यांना बटणमास्तर म्हणायचा. यंत्र बिघडलं की ते त्याला कान लावत आणि सांगत, "चार नंबरचं बटण रुसलंय." पुढे ते दुकान बंद झालं. त्या दिवशी त्यांनी एका यंत्राचा, खेळताना हलवायचा लाल गोळ्याचा दांडा फडक्यात गुंडाळून आणला, माझ्या सगळ्यात खालच्या खणात ठेवला आणि त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातून वस्तरा पडला. तो उचलायला ते वाकले, ते उठलेच नाहीत. उजवा हात आणि उजवा पाय, दोन्हींनी एकदमच राजीनामा दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पायाचं काही सांगता येत नाही. पण हाताला त्यांच्या आवडीचं काम द्या. हात येईल." ताईने यातलं पहिलं वाक्य ऐकलं नाही. ऐकलं असेल, पण मनावर घेतलं नाही.

हात दाबायला तिने रबरी चेंडू आणला. बाबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय कुत्रं आहे, चेंडू दिलास तो?" त्यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चाकाची खुर्ची आणली होती, तिच्यात बसेनात. डाव्या हाताने जेमतेम दोन घास खायचे. दिवसेंदिवस ते त्या अंथरुणात विरघळत चालले होते, आणि ताईला ते दिसत होतं.

ताई शिवणकाम करायची. बाबांसाठी घरातच खेळाचं यंत्र उभं करायचं, हा तिचा बेतही कापडासारखाच बेतलेला. कपडे बेतायच्या खाकी कागदावर तिने तीन रकाने आखले: फुकट, मागून आणि विकत. पोट सुटलेला टीव्ही इस्त्रीवाल्याकडून मागून. खेळ चालवायला संगणक भंगारवाल्याकडून, तोही त्याच्या आईचे चार ब्लाउज शिवून देण्याच्या बोलीवर, म्हणून तोही "मागून"मध्येच. खेळाची खरी बटणं परवडेनात, म्हणून दारावरच्या घंटेची सहा बटणं विकत. आणि "फुकट" या रकान्यात दोनच नावं होती: लाल दांडा आणि कपाट. म्हणजे मी!

शेजारचे सुतारकाका आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पहिल्याच भेटीत मला ते आवडले नाहीत.

"होईल की," ते म्हणाले. "दारं काढू. वर टीव्ही, मधल्या फळीवर दांडा आणि बटणं. पण पोरी, बाबांच्या खोलीत पोटमाळा आहे. हे धूड त्याच्याखाली मावायचं तर दीड फूट जायला हवं. डोकं कापू की पाय?"

"त्याने काय फरक पडतो, काका?"

"डोकं कापलं तर मधली फळी आहे तिथेच राहील, उभ्या माणसाच्या कोपराशी. पाय कापले तर ती खाली येईल, बसलेल्याच्या कोपराशी."

"मग डोकं. बाबा उभे राहून खेळणार."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं?"

"मी म्हणते."

काकांनी कानामागची पेन्सिल काढली. त्यांनी माझ्यावर दोन रेघा आखल्या, एक वर आणि एक खाली. "नीट विचार कर आणि जे जायचं त्याच्यावर फुली मार. मी तोंडी काही लक्षात ठेवत नाही, दहा घरची मापं असतात डोक्यात. सुतार फुली बघतो. फुली असेल ते जातं. उद्या तू कामावर असलीस तरी मी येऊन कापून ठेवीन."

ताईने स्टुलावर चढून माझ्या कपाळावर फुली मारली. शिंप्याचा निळा खडू, दोन सरळ रेघा, अगदी सुरीने ओढल्यासारख्या. खडू फळीवर ठेवला आणि माझा निरोप घेतल्यासारखा हात फिरवला. मित्रांनो, अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माझं तर डोकंच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी ताई शिवणाच्या दुकानात कामाला गेली आणि घर सामसूम झालं. मग बाबांच्या खोलीतून धडपडल्याचा आवाज आला, पाठोपाठ चार कडक शिव्या आणि चाकांची कुरकुर. दारात बटणमास्तर! खुर्चीत तिरपे बसलेले, घामाघूम, डाव्या हातात काठी, काठीच्या टोकाला बांधलेलं ओलं फडकं. गाठ दातांनी मारली होती. खोल्यांच्या भिंती पातळ होत्या. त्यांनी आदल्या दिवशीचं सगळं ऐकलं होतं.

काठी उंचावून त्यांनी माझं कपाळ पुसलं. तीनदा पुसलं तेव्हा फुली गेली. मग फळीवरचा खडू मांडीवर घेऊन ते माझ्या पायांशी वाकले. पण वाकताना तोल जाऊ लागला, म्हणून डाव्या हाताने माझी कडी घट्ट धरावी लागली. आता खडू कुठल्या हाताने धरणार?

ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसे. मग तो हात उचलला गेला. खडू दोनदा पडला, दोन्ही वेळा त्यांनी तो मांडीवरून पुन्हा वेचला. तिसऱ्यांदा तो बोटांत राहिला. एक रेघ ओढायला त्यांना एवढा वेळ लागला की तेवढ्यात मी दुसऱ्यांदा झाड होऊन आलो असतो. पण दोन रेघा झाल्या. खालच्या खणावर, गांडुळासारखी वळवळलेली का होईना, फुली उमटली.

दुपारी सुतारकाका आले. फुली बघितली, पाय कापले. कसं वाटलं ते विचारू नका.

संध्याकाळी ताई दारातच थबकली. "काका! हे काय करून बसलात?"

"फुली होती ते कापलं."

"मी वर मारली होती!"

"मग वर दाखव बघू."

वर नुसता ओला डाग. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कापलेला तुकडा उचलला, खणासकट, आणि त्यावरची वळवळलेली फुली निरखली. तिच्या हातून वाकडी रेघ जन्मात आली नव्हती. तुकडा तसाच कवटाळून ती बाबांच्या खोलीत गेली. ते भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. तिने पांघरूण सारलं. उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला निळा खडू लागला होता.

"बाबा, उजव्या हाताने?"

"डाव्याने कडी धरली होती. पडलो असतो ना."

ती खाली बसून रडायला लागली. "मला वाटलं होतं, तुम्ही उभे..."

"तुला उभा बाप हवाय गं," बाबा म्हणाले. "मलाही हवाय. पण सध्या घरात बसलेला आहे. त्याच्याशी खेळून घे."

तेवढ्यात दारातून काका खाकरले. "म्हणजे माझी चूक नाही ना?"

पुढचे आठ दिवस बाबा खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. "लाल तार तिकडे नाही गं, इकडे! कुणाची मुलगी आहेस तू?" पहिल्या दिवशी एक बटण दाबलं की खेळातलं विमान उडायचं आणि त्याबरोबर दारावरची घंटाही वाजायची. पहिला डाव ते डोळ्याचं पातं लवायच्या आत हरले, आणि म्हणाले, "पुन्हा लाव."

ते उभे कधीच राहिले नाहीत. पण वर्षभरात उजव्या हाताने चमचा धरू लागले, सदऱ्याची बटणं स्वतः लावू लागले. सहा वर्षं रोज माझ्यासमोर बसले. मग एक दिवस खुर्ची रिकामी झाली.

त्यानंतर माझ्यावर चादर पडली. चादरीवर इस्त्रीचे कपडे, कपड्यांवर रद्दी. चार नंबरचं बटण रुसलंय, पण कान लावून ते ओळखणारं आता कोणी नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याही घरात असं काही जुनं उभं असेल, तर त्याच्यावरची चादर अधूनमधून काढत जा. आणि कुणाची काळजी घ्यायची झाली तर त्याचं माप तुमच्या मनातल्या उंचीने घेऊ नका, त्यालाच विचारा. मला पुसायचं तर खुशाल पुसा, ओल्या फडक्याने पुसा, मी हूं की चूं करणार नाही. फक्त ताईच्या शिलाई मशीनखाली ती पाय ठेवते तो लाकडी खण आहे ना, माझेच पाय ते, त्याला हात लावू नका. त्यावर एक वाकडी, निळी फुली आहे. फुली असेल ते जातं, असं सुतार म्हणतात. ताईने ते ठेवलंय.